कुंपणापलीकडचं वाळवण

न्यूझीलंडला, लोअर हटमधलं आमचं घर इतकं शांत होतं की कुणी कुरकुरीत काही खाल्लं तर ते शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. सांगलीच्या घरात खाण्याचा आवाज कधी वेगळा कानावर आला नव्हता. तिथे कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावरचे हॉर्न आणि वरच्या मजल्यावरचा टीव्ही यांत तो बुडून जायचा. इथे भिंती लाकडाच्या होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि वारा नसला की फ्रीजची घरघर हाच घरातला सगळ्यात मोठा आवाज असायचा. बाबा संध्याकाळच्या गाडीने वेलिंग्टनहून यायचे, दाराशी बूट काढायचे आणि सोफ्यावर बसून एक पिशवी फोडायचे. पहिली चकती दाताखाली मोडली की आई स्वयंपाकघरातून विचारायची, “आज गोल की चंद्रकोर?” विचारायची खरी, पण आवाजावरून तिला ते आधीच कळलेलं असायचं.

या चकत्या म्हणजे तांदळाची जपानी कुरकुरीत बिस्किटं. त्यांना बिस्किट म्हणणं बरोबर नाही, पण घरात त्यांना एक नाव कधीच नव्हतं. पहिली पिशवी बाबांनी स्टेशनवरच्या दुकानातून वेफर्स समजून घेतली होती. गाडीत त्यांनी एक चकती खाल्ली आणि पिशवीचं तोंड पिळून ती बॅगेत ठेवली. घरी आल्यावर म्हणाले, हे एकट्याने खाण्यासारखं नाही. आईने एक तोंडात टाकली आणि म्हणाली, “पोह्याचा पापड.” मग आणखी एक चावून, डोळे मिटून, “नाही. कुरडई. पण भाजलेली.” त्या रात्रीचा भात उरला. त्यानंतर आम्ही शनिवारी हाय स्ट्रीटवरच्या एका छोट्या आशियाई दुकानात जायला लागलो. तिथे मागच्या भिंतीला फक्त याच वस्तू होत्या, आणि पाकिटांवरचं काहीही वाचता येत नसल्यामुळे आम्ही त्यांना आपली नावं दिली. शेंगदाण्यांबरोबर येणारी तिखट, वाकडी ती चंद्रकोर. समुद्रातल्या शेवाळाचा काळा पट्टा गुंडाळलेली ती काळ्या काठाची. साखर आणि मिठाचा पांढरा थर असलेली ती पिठूळ. हिरव्या वाटाण्यांचा बाबांनी पहिल्याच दिवशी बकाणा भरला. त्यांवरच्या झणझणीत हिरव्या मसाल्याने त्यांच्या नाकातोंडातून पाणी आलं. सांगलीहून आजीचा फोन चालू होता, आणि तिला वाटलं जावई रडतोय. ते नाकातले वाटाणे.

आई फार्मासिस्ट होती. सांगलीत तिने औषधाच्या दुकानात बरीच वर्षं काढली होती आणि इथे एका हॉस्पिटलच्या फार्मसीत ती नुकतीच लागली होती. बारीक अक्षर दिसलं की ते वाचून काढायची तिला सवय होती. एका शनिवारी तिने काळ्या काठाचीचं पाकीट उलटं केलं आणि जपानी मजकुरावर चिकटवलेला इंग्रजी कागदाचा पांढरा तुकडा वाचला. त्यात बोनिटो असा शब्द होता. बाबा म्हणाले, असेल एखादा मसाला. आईने डिक्शनरी काढली. बोनिटो मासा निघाला. वाळवून, किसून, त्याचा अर्क सॉसमध्ये घालतात. आमच्याकडे अंडंही येत नसे. आईने पाकीट बंद केलं, हात धुतले, आणि त्यानंतर मागच्या भिंतीवरची निम्म्याहून जास्त पाकिटं आमच्यासाठी संपली. घर पुन्हा शांत झालं. मी हे विनोदाने लिहीत नाही. संध्याकाळी बाबा सोफ्यावर बसायचे आणि काहीच ऐकू यायचं नाही.

अशा वेळी जानेवारीतल्या एका सकाळी आईला ते वाळवण दिसलं. ती खिडकीशी भांडी घासत होती. तिने मला हाक मारली आणि साबणाच्या हाताने पलीकडे दाखवलं. शेजारच्या डेकवर दोन खुर्च्यांवर खिडकीची जुनी जाळी आडवी ठेवली होती, आणि तिच्यावर पांढरे, बोटाच्या पेराएवढे तुकडे ओळीने मांडले होते. “अगं, त्या बाई सांडगे घालतायत,” आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. देश सोडल्यापासून तिने कुणाच्या अंगणात वाळवण पाहिलं नव्हतं. ती तशीच ओल्या हातांनी कुंपणापाशी गेली.

शेजारच्या बाईंचं नाव तोमिको. त्या जपानच्या. तरुणपणी एका न्यूझीलंडच्या माणसाशी लग्न करून इथे आल्या होत्या आणि आता सत्तरी ओलांडलेल्या होत्या. नवरा, जिम, वारला होता. मुलगी अप्पर हटला राहायची. त्यांच्या इंग्रजीत प्रत्येक वाक्याच्या शेवटी इथला ‘एह’ यायचा, आणि गेटमधून जाताना त्या आम्हाला इथल्या माओरी लोकांचा नमस्कार, ‘किआ ओरा’, म्हणायच्या, पण तोवर आमचं बोलणं त्यापुढे गेलं नव्हतं. त्या दिवशी कुंपणावरून कळलं ते असं: नव्या वर्षाला चिकट तांदूळ वाफवून, कुटून त्याचा गोळा करतात. सण झाला की तो गोळा कडक होतो. मग त्याचे तुकडे करून वाळवायचे आणि भाजायचे किंवा तळायचे. फुलतात. जपानमध्ये हे थंडीत चालतं आणि फार दिवस लागतात. इथे नवं वर्ष भर उन्हाळ्यात येतं, त्यामुळे हटचं ऊन आणि हटचा वारा मिळून काम लवकर उरकतं. तोमिकोबाई म्हणाल्या की न्यूझीलंडबद्दल त्यांना पहिल्यांदा आवडलेली गोष्ट ही होती. आईने विचारलं, चिमण्या? त्या म्हणाल्या, चिमण्या आणि मैना. आई माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, “पुस्तक घेऊन बस इथे. राखणीला.” वाळवणाच्या राखणीला पोर बसवायचं असतं हे तोमिकोबाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी कुंपणावरून मला एक जुनी माशी मारायची जाळी दिली.

त्या उन्हाळ्यात डबा सुरू झाला. आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. त्यांच्याकडे भेट घेतली की उलट भेट दिल्याशिवाय चैन पडत नाही. या दोन रिवाजांना शेवट नाही हे दोन्ही घरांना उशिरा कळलं. आईने चकल्या पाठवल्या. डबा गोड काळ्या चवळीसारख्या दाण्यांनी भरून आला. आईने शंकरपाळे पाठवले, त्यात वाळवलेलं पर्सिमनचं केशरी फळ आलं. एकदा घरात काहीच नव्हतं तेव्हा आईने डब्यात चार लिंबं टाकली आणि मला सांगितलं, त्यांना म्हण, रिकामा द्यायचा नसतो. मी तसं सांगितलं. तोमिकोबाईंना ते इतकं पटलं की पुढे कधी काही नसलं तर त्यांच्याकडूनही डब्यात एकच लिंबू यायचं, आणि त्या कुंपणावरून म्हणायच्या, “नॉट एम्प्टी, एह?”

डबा स्टीलचा होता, आईच्या लग्नातला, आणि त्याच्या बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं: सौ. सुनंदा, आणि पुढे आडनाव. तोमिकोबाईंनी एकदा पहिल्या अक्षरावर बोट ठेवून मला विचारलं, हे काय. मी म्हटलं, मिसेस. शाळेतल्या मुलीला दुसरं काय सुचणार होतं? त्या म्हणाल्या, “मग मी पण सौ.” त्यांनी तो उच्चार दोनतीनदा घोळवला. आईला एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं जमत नव्हतं, म्हणून ती त्यांना तोमिकोताई म्हणायला लागली होती. आता तिकडून, आपल्या ‘ताई’सारखं त्यांचं ‘सान’ लावून, उत्तर यायचं, “येस, सौ-सान?” दोघी हसायच्या. मी पुढे आयुष्यभर वर्तमानपत्रात दुसऱ्यांची वाक्यं तपासली. एका शब्दासाठी जवळचा शब्द ठेवला तर काय होतं, हे मी पहिल्यांदा तिथे, त्या कुंपणापाशी पाहायला हवं होतं.

माशाची अडचण आईने संकोचाने सांगितली. तोमिकोताईंनी कारण विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी हाय स्ट्रीटवरून साध्या सोया सॉसची नवी बाटली आणि सॉस लावायचा नवा ब्रश आणला. ब्रशच्या दांडीला त्यांनी हिरवा दोरा बांधला. हिरव्या दोऱ्याचा ब्रश आमचा. आमच्यासाठी भाजायचं असलं की तवा आधी घासून घ्यायचा, आमचा घाणा आधी काढायचा, मग त्यांचा. मी कितीदा तिथे ओट्याशी उभी राहून पाहिलं आहे. कडक पांढरा तुकडा तव्यावर पडून राहायचा, काहीच व्हायचं नाही, आणि मग तो एकदम कण्हल्यासारखा आवाज करून एका अंगाने फुगायचा. त्या तो लांब काड्यांनी उलटायच्या, दाबायच्या, पुन्हा उलटायच्या. सॉस लागला की चर्र व्हायचं आणि जळक्या गुळासारखा वास घरभर पसरायचा. पाकिटातल्या कुठल्याही चकतीला ती चव नव्हती. बाहेरून काचेसारखं आणि आतून हवा. बाबा गाडीतून उतरून घरी येताना आधी कुंपणाकडे बघायचे.

पुढच्या जानेवारीत आईने हळदीकुंकू ठरवलं. भाड्याचं घर सोडायची भीती संपून आम्ही तेच घर विकत घेतलं होतं, आणि वेलिंग्टन आणि हटमधल्या मराठी बायकांना पहिल्यांदा घरी बोलवायचं होतं. आतापर्यंत ती दुसऱ्यांच्या घरी जाऊन कोपऱ्यात बसून आली होती. या बायकांत सगळ्यात मोठ्या शैलाकाकू. त्यांचा मुलगा डॉक्टर होता आणि मंडळातल्या गणपतीचं काय, कुठे, कसं, हे त्याच सांगायच्या. त्या येणार म्हटल्यावर आईने पडदे धुतले. प्रश्न वाणाचा होता. प्लॅस्टिकच्या वाट्या आणि कंगवे सगळेच देतात. आईला वाटलं, तोमिकोताईंच्या हातचं द्यावं. तांदळाचं, घरचं, निर्मळ, आणि कुणी पाहिलेलं नाही. तोमिकोताईंना विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी त्या वर्षी दुप्पट तांदूळ भिजवला. जाळ्या कमी पडल्या तेव्हा बाबांनी आमच्या दोन खिडक्यांच्या जाळ्या काढून दिल्या, आणि घरात माश्या येत राहिल्या. मी रोज राखणीला. मग भाजणं, मग हिरव्या दोऱ्याचा ब्रश, मग पातळ पांढऱ्या कागदाच्या पुड्या. प्रत्येक पुडीला तोमिकोताईंनी लाल दोऱ्याची एक खास गाठ मारली. ती गाठ शुभ असते असं त्या म्हणाल्या. आईने मला ती शिकून घ्यायला सांगितली, पण मला ती जमली नाही.

तोमिकोताईंना बोलवायचं की नाही, हे आई आणि बाबा एका रविवारी बोलले. बाबा चहा पीत होते. ते म्हणाले, बोलव की, इथे कोण तपासायला बसलंय. आई म्हणाली, “शैलाकाकू आहेत. पहिल्यांदाच येतायत घरी.” बाबा म्हणाले, मग काकूंना कुठे माहितेय तोमिकोताईंचा नवरा नाही ते. आई म्हणाली, मला माहितेय ना. नंतर ती बराच वेळ पोळ्या लाटत राहिली आणि मग तिने बाबांना एक इंग्रजी वाक्य बरोबर आहे का ते विचारलं. वाक्य असं होतं, की शनिवारी आमच्याकडे मॅरिड लेडीजचा एक कार्यक्रम आहे. बाबा म्हणाले, व्याकरण बरोबर आहे. आई ते वाक्य घेऊन कुंपणापाशी गेली. त्यातून तोमिकोताईंना आपण त्यात बसत नाही हे कुणी न दुखावता कळेल, असा तिचा हिशेब होता. तोमिकोताईंनी ऐकलं, मान खाली घालून म्हणाल्या, “थँक यू, सौ-सान. आय विल कम.”

आई तशीच मागे फिरली. घरात येऊन ती ओट्याला टेकून उभी राहिली. मॅरिड म्हणजे त्यांच्या लेखी ज्या बाईचं लग्न झालं ती. जिम नव्हता, पण लग्न होतंच. अंगठी बोटात होती. ‘मी पण सौ.’ म्हणून झालं होतं.

शनिवारी दुपारी गाड्या लागल्या. सगळ्या काळ्या साड्यांत. उन्हाने तिळाचे लाडू मऊ पडले होते आणि एकमेकांना चिकटत होते, म्हणून मी ते फ्रीजमध्ये आत-बाहेर करत होते. तोमिकोताई बरोब्बर सांगितलेल्या वेळी आल्या. जांभळा कार्डिगन, गळ्याशी मोत्यांचा ब्रोच, केस नुकतेच सेट केलेले. दारात त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, कुणी गेलं का? सगळ्या काळ्यात आहेत म्हणून. मी सांगितलं, नाही, संक्रांतीला काळं शुभ असतं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि आपल्या कार्डिगनकडे पाहून म्हणाल्या, मग मी चुकीचं घातलं, एह?

आईने त्यांना सोफ्यावर बसवलं, शैलाकाकूंच्या शेजारी, कारण जागा तेवढीच होती. काकू इंग्रजीत छान बोलत होत्या. पुड्या कुणी केल्या ते त्यांना आईने सांगितलं होतं. त्यांनी गाठीचं कौतुक केलं आणि मग, मोठ्या बाया विचारतात तसं, मिस्टर काय करतात म्हणून विचारलं. तोमिकोताई म्हणाल्या, जिम टाइटाला असतो, टेकडीवर. काकू म्हणाल्या, वेगळे राहतात? त्या म्हणाल्या, हो, बरीच वर्षं झाली, पण मी दर रविवारी जाते, फुलं घेऊन. टाइटाच्या टेकडीवर दफनभूमी आहे हे हटमध्ये राहणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. खोलीतलं बोलणं किंचित थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. आई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आतून येत होती. शैलाकाकू तिच्याकडे वाकून हळू आवाजात मराठीत म्हणाल्या, “सुनंदा, यांच्याकडे जरा बघ हं.”

आईने मान हलवली. ती दाराजवळच्या पहिल्या बाईपासून सुरू झाली. हळद, कुंकू, अत्तराचा ठिपका मनगटावर, तिळगूळ, हातात पुडी. मी मागून गुलाबदाणी घेऊन. प्रत्येक बाई आईकडे चेहरा वर करायची. तोमिकोताई हे लक्ष देऊन पाहत होत्या, कोणत्या हाताने काय घ्यायचं, कधी वाकायचं. शैलाकाकूंची पाळी आली तेव्हा शेजारी तोमिकोताईंनी उजव्या हाताने आपल्या कपाळावरचे सेट केलेले केस मागे घेतले, धरून ठेवले आणि चेहरा वर केला. डोळे मिटले.

आईने काकूंना कुंकू लावलं आणि ती पुढे सरकली. ते पाऊल आधीच्या पावलांपेक्षा मोठं होतं. सोफ्यापलीकडच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंच्या कपाळाला तिने हळद लावली तेव्हा तोमिकोताईंचे डोळे अजून मिटलेले होते. मग त्यांनी ते उघडले. हात तसाच राहिला होता. तो त्यांनी केसांवरून मागे नेला, जणू केस सारखे करायलाच वर गेला होता. आईने ओळ पूर्ण केली, आणि सवयीने शेवटी माझ्या कपाळालाही बोट टेकवलं, कुमारिका म्हणून. तोमिकोताईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. माझं लग्न झालेलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं. नंतर आई मागे आली, तबक न आणता, आणि तिने तोमिकोताईंना लाडू दिला आणि पुडी दिली. त्यांचीच पुडी. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, गाठीकडे पाहिलं आणि वाकून म्हणाल्या, “थँक यू, सुनंदा-सान.” सौ-सान म्हणाल्या नाहीत.

मला न्यूजरूममध्ये शिकवलं गेलं की कुणाला काय वाटलं ते लिहू नका, काय झालं ते लिहा. वर लिहिलंय ते झालं. एवढंच जोडते की खोलीतल्या बायका आता चकत्या खात होत्या, आणि तो आवाज मला सहन होत नव्हता. सगळ्या म्हणत होत्या, काय सुंदर लागतंय, कुरडईसारखं.

तोमिकोताई लवकर उठल्या, पण घाईने नव्हे. प्रत्येकीला वेगळं बाय म्हणाल्या. शेवटी शैलाकाकू निघाल्या तेव्हा पदर सावरत दारात थांबल्या. आईला म्हणाल्या, “त्या बाईंना लावायचं राहिलं गं. मी म्हटलं होतं ना तुला, त्यांच्याकडे बघ म्हणून. एकट्या पडल्यासारख्या बसल्या होत्या.” आई म्हणाली, हो, गडबडीत राहिलं. काकू म्हणाल्या, “एवढं केलं त्या बाईने आपल्यासाठी. आणि आता कुठले नियम गं, इतक्या लांब येऊन.” मग त्या गाडीत बसल्या. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं की सगळं झाल्यावर नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. आईसाठी मात्र त्या वाक्याने काहीच शिल्लक ठेवलं नाही. आपण कुणाच्या तरी धाकाने केलं, एवढा आधार तिला हवा होता.

ती तबक घेऊन पॅसेजमध्ये उभी राहिली. बाबा म्हणाले, आत्ता जा, अजून उजेड आहे. आई मागच्या दारापर्यंत गेली, चपलेत एक पाय घातला आणि काढला. आता जाऊन कुंकू लावायचं म्हणजे मघाशी मुद्दाम लावलं नाही हे सांगायचं. तिने तबक देवापुढे ठेवलं आणि चिकटलेले लाडू एकेक करून सोडवत बसली.

दोन दिवसांनी डबा आमच्या मागच्या पायरीवर होता. मी तो उचलला आणि वजनावरूनच कळलं. आत काही नव्हतं. घासून, पुसून, झाकण घट्ट लावून ठेवला होता. लिंबूसुद्धा नव्हतं. इथे मला माझ्या पेशाची अडचण येते. घरात काही नसेल, बरं नसेल, विसरल्या असतील, यातलं काहीही असू शकतं आणि विचारायला आता कुणी नाही. पण रिकामा द्यायचा नसतो, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

आईने त्याच संध्याकाळी चकल्या केल्या आणि डबा घेऊन स्वतः गेली. तोमिकोताईंनी दार उघडलं, हसल्या, लव्हली म्हणाल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या. डबा रिकामा आला. आईने करंज्या पाठवल्या. डबा रिकामा आला. कधीही अपमान नव्हता, कधीही वाईट शब्द नव्हता. गेटवर ‘किआ ओरा’ पूर्वीसारखंच. त्या आता आईला नुसतं सुनंदा म्हणायच्या, इथे सगळे म्हणतात तसं. तिसऱ्या खेपेनंतर आईने डबा फडताळात वरच्या फळीवर ठेवला.

पुढच्या जानेवारीत आई खिडकीशी भांडी घासत होती आणि मी टेबलाशी बसले होते. डेकवर दोन खुर्च्या होत्या, त्यांच्यावर काही नव्हतं. आई म्हणाली, यंदा केलं नसेल, वय झालं. दुपारी वारा फिरला आणि घराच्या पलीकडल्या बाजूने तो जळक्या गुळासारखा वास आला. जाळी आता त्यांच्या घराच्या पलीकडे होती, जिथे आमची खिडकी उघडत नव्हती. तिथे राखणीला कोण बसतं, हे मला कळलं नाही. आईने नळ सोडला आणि तीच भांडी पुन्हा घासली. वर्षभराने तोमिकोताई मुलीकडे अप्पर हटला गेल्या. जायच्या दिवशी आम्ही तिघं गेटपाशी उभे होतो, सगळे हसत होते, आणि बाबांनी त्यांचं एक खोकं उचलून गाडीत ठेवलं.

आता प्रत्येक सुपरमार्केटमध्ये तांदळाच्या जपानी चकत्यांची अख्खी रांग असते, शाकाहारी असेल तर तसं पाकिटावर पानाचं चित्रही असतं. बाबा जाऊन दोन वर्षं होत आली. आई माझ्याकडे ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये असते. रविवारी बाजारातून येताना मी तिच्यासाठी चंद्रकोरीचं पाकीट आणते आणि ती ते त्याच स्टीलच्या डब्यात ओतते. बुडाशी कोरलेलं पहिलं अक्षर तसंच आहे. कोरलेलं काढता येत नाही.

या जानेवारीत इथल्या मंडळातून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं. एक तरुण मुलगी म्हणत होती, काकू, तुम्ही यायचंच, आम्ही आता सगळ्यांनाच बोलावतो, तसलं काही मानत नाही. आईने तिचे आभार मानले, गुडघे दुखतात म्हणाली आणि फोन ठेवला. मग डबा पुढे ओढून बसली, पण खाल्लं नाही.

“तोमिकोताईंनी केस मागे घेतले होते,” ती म्हणाली. “ते तू पाहिलं होतंस?”

मी म्हटलं, “हो.”

“मला वाटायचं, मी एकटीनेच पाहिलं.”